नोटीस म्हणजे काय?

टपालवाला दारात उभा राहतो. पिशवीतून एक लांब पाकीट काढतो. पाकिटावर शिक्का असतो.

"आबा, इथं सही करा," तो म्हणतो.

"कसली रे सही?"

"नोटीस दिसतीय, आबा. वकिलाकडून आलीय."

आबांचा चेहरा उतरतो. ते हात मागे घेतात. "नको बाबा. घेतली की अडकलो. जशी आली तशी परत धाड."

टपालवाला पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारतो आणि पुढच्या घरी जातो. आबांना वाटते, बला टळली.

बला खरेच टळली का? नाही. उलट आबांच्या हातात जे दिवस होते, ते त्यांनी आपल्या हाताने घालवले. ते कसे, हे आज आपण समजून घेऊ. त्यासाठी आधी या एका शब्दाचा अर्थ नीट पाहू.

शब्द एक, अर्थ अनेक

नोटीस हा शब्द इंग्रजी. पण तो आपल्याकडे असा रुळला आहे की कोणी त्याला परका म्हणत नाही. शाळेच्या भिंतीवर नोटीस-बोर्ड असतो. त्यावर सुटीची किंवा परीक्षेची सूचना लावतात. ग्रामपंचायतीतही तसा फळा असतो. इथे नोटीस म्हणजे सर्वांसाठी लावलेली सूचना.

गिरणीत किंवा कारखान्यात काम करणारा मुलगा म्हणतो, "नोकरी सोडायची तर एक महिन्याची नोटीस द्यावी लागते." इथे नोटीस म्हणजे आधी कळवणे. मी जाणार आहे, तुम्ही दुसरा माणूस बघा, असे मुदत देऊन सांगणे.

इंग्रजी बोलणारा माणूस आणखी एका अर्थाने हा शब्द वापरतो. एखादी गोष्ट नजरेस आली, ध्यानात आली, की ती 'नोटीस' झाली असे तो म्हणतो.

या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे जाणणे. हा शब्द इंग्रजीत लॅटिन भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ माहिती, ओळख असा होता. आपल्या संस्कृतातला 'ज्ञा' हा धातू आणि हा लॅटिन शब्द एकाच जुन्या मुळापासून फुटले आहेत, असे भाषेचे जाणकार सांगतात. ज्ञान, जाण, जाणीव हे आपले शब्द त्याच कुळातले. म्हणजे नोटीस हा आपल्या 'जाणीव' या शब्दाचा दूरचा भाऊबंदच म्हणायचा.

हे मूळ ध्यानात ठेवा. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. नोटीस म्हणजे दंड नव्हे. नोटीस म्हणजे जाणीव करून देणे.

दवंडी आणि नोटीस

पूर्वी गावात लिहिता-वाचता येणारे थोडे असत. तेव्हा काही कळवायचे झाले तर दवंडी पिटत. "ऐका हो ऐका!" असे म्हटले की माणसे कान टवकारत. दवंडी हीही नोटीसच. फरक इतकाच की ती कानाने ऐकायची, आणि ही डोळ्यांनी वाचायची.

कायद्याने दवंडी अजून टाकून दिलेली नाही. दिवाणी कोर्टाने कोणाची जमीन जप्त केली, तर तो हुकूम जमिनीजवळ ढोल वाजवून किंवा गावच्या रीतीने जाहीर करावा, असे दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिले आहे. ही संहिता १९०८ सालची. शिवाय हुकुमाची नक्कल त्या जमिनीवर ठळक जागी लावायची असते.

दवंडी झाली त्या वेळी एखादा माणूस घरात झोपून राहिला, तर गाव काय म्हणेल? "दवंडी झाली होती. तू झोपलास, हा तुझा दोष." कायदाही नेमके असेच म्हणतो.

न वाचलेली नोटीस

आता आबांच्या पाकिटाकडे येऊ.

१८९७ सालचा एक जुना कायदा आहे. त्याचे नाव सर्वसाधारण खंड अधिनियम. त्याच्या २७ व्या कलमाचा आशय असा : बरोबर पत्ता लिहून, तिकीट लावून, रजिस्टर टपालाने कागद पाठवला, की तो नेहमीच्या वेळेत पोचला असे धरायचे. पोचला नाही, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ते सिद्ध करावे. (रजिस्टर टपालाची वेगळी सेवा टपाल खात्याने २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये मिसळून टाकली.)

म्हणजे आबांनी पाकीट घेतले नाही, तरी कायद्याच्या नजरेत ते आबांना मिळाले. 'घेण्यास नकार' हा शेरा आबांच्या बाजूने नाही, त्यांच्या विरुद्ध बोलतो. तो सांगतो, कागद दारापर्यंत आला होता, याच माणसाने तो घेतला नाही.

कोर्टाच्या समन्सचेही तसेच आहे. समन्स म्हणजे कोर्टाने हजर राहण्यासाठी पाठवलेला कागद. बेलीफ समन्स घेऊन आला आणि तुम्ही सही करायला नकार दिला, तर तो समन्सची नक्कल तुमच्या घराच्या दारावर डकवतो. मग तसा अहवाल कोर्टाला देतो. कोर्टाची खात्री पटली की समन्स बजावले गेले असे ठरते. ठरल्या तारखेला तुम्ही गेला नाहीत, तर दावा एकतर्फी चालू शकतो. म्हणजे समोरच्याचे ऐकले जाते, तुमचे ऐकायला तुम्ही तिथे नसता.

काही जणांना वाटते, सही केली म्हणजे आपण कबूल झालो. हा गैरसमज आहे. टपालाच्या पावतीवरची सही एवढेच सांगते की कागद हाती पडला. त्यातला मजकूर तुम्हांला मान्य आहे, असे ती सही सांगत नाही. मात्र सही कशावर करतो आहोत, ते आधी वाचून पाहावे. पोचेच्या कागदाऐवजी कोणी दुसराच कागद पुढे केला, तर वाचल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा देऊ नये.

दोन भावांची गोष्ट

समजा, एका गावात दोन भाऊ आहेत. वडिलांच्या मागे सात-बाऱ्यावर दोघांची नावे लागली. वाटणी झालेली नाही. थोरल्याला पैशांची नड आली. त्याने विहिरीकडचे दोन एकर धाकट्याला न विचारता विकले. खरेदीखत झाले. मग विकत घेणाऱ्याचे नाव सात-बाऱ्यावर लावायचे म्हणून फेरफार नोंद धरली गेली.

इथे कायदा काय करतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. तिच्या १५० व्या कलमाप्रमाणे तलाठ्याने फेरफाराची नक्कल चावडीत ठळक जागी लावायची असते. शिवाय ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे असे दफ्तरावरून दिसते, त्या सर्वांना लेखी कळवायचे असते. हीच फेरफाराची नोटीस. हरकत घ्यायला तिच्यात पंधरा दिवसांची मुदत असते.

नोटीस धाकट्याच्या घरी आली. बायको म्हणाली, "अहो, वाचून तरी बघा." तो म्हणाला, "सरकारी कागद आहे. ठेव वळचणीला. सुगी झाली की बघू." सुगी झाली. पंधरा दिवस केव्हाच उलटून गेले. कोणाची हरकत नाही, असे पाहून मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली.

धाकट्याने वेळेवर हरकत घेतली असती तर? हरकत लेखी देता येते, तोंडीही सांगता येते. तलाठ्याने तिची पोच द्यायची असते. मग ती नोंद तक्रारी प्रकरणांच्या वहीत जाते. दोन्ही बाजूंना बोलावून, ऐकून घेऊन मग निकाल होतो. चावडीवर जाऊन दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर हे सगळे झाले असते.

आता धाकट्याला काय करता येईल? सारे संपले असे नाही. प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, साठ दिवसांत अपील करता येते. आणि फेरफाराने मालकी नवी येत नाही, की जुनी जात नाही. मालकीचा खरा निवाडा दिवाणी कोर्टात होतो. पण सात-बाऱ्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. ती खोटी ठरवायला वकील, तारखा, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी लागते. दोन ओळींचे काम दोन वर्षांचे होऊन बसते.

न आलेली नोटीस

आता कायद्यातला सर्वांत खोल अर्थ पाहू. कधी कधी कागद येतच नाही, तरी कायदा म्हणतो, "तुला नोटीस होती."

हे कसे? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे. त्यात नोटीस या शब्दाचा अर्थ सांगितला आहे. एखादी गोष्ट तुम्हांला खरोखर माहीत असली, तर तुम्हांला नोटीस आहे. आणि जी चौकशी करायला हवी होती ती तुम्ही मुद्दाम टाळली, किंवा फारच हयगय केली, आणि म्हणून ती गोष्ट कळली नाही, तरीही तुम्हांला नोटीस आहे असेच धरले जाते.

याचा व्यवहारात अर्थ काय? तुम्ही जमीन विकत घेता आहात. त्या जमिनीच्या गहाणाचा किंवा विक्रीचा दस्त निबंधकाकडे रीतसर नोंदलेला आहे. तुम्ही तो पाहिला नाही. उद्या तुम्ही म्हणाल, "मला कोणी सांगितले नाही." कायदा म्हणेल, "दस्त नोंदलेला होता. तू बघायला हवा होतास."

तसेच, जमीन कागदावर एकाच्या नावाची आणि प्रत्यक्षात कसतो दुसराच, असे असेल तर? ज्याचा ताबा आहे त्याचा काही हक्क असू शकतो, याची नोटीस तुम्हांला आहे, असे कायदा धरतो. म्हणून जमीन घेताना नुसता सात-बारा बघू नये. बांधावर जावे. कोणाचे औत चालते, कोणाचे पीक उभे आहे ते पाहावे. शेजाऱ्याला विचारावे.

तुमच्या वतीने मुखत्यार व्यवहार करत असेल, आणि त्याला त्या कामात एखादी गोष्ट कळली, तर ती तुम्हांलाही कळली असे धरतात. म्हणून मुखत्यारपत्र कोणाला देतो, याचा दहा वेळा विचार करावा.

नोटीस ही ढालही आहे

इथवर वाचून वाटेल, नोटीस म्हणजे नुसता जाच. तसे नाही. जरा उलट विचार करा. तुम्हांला न कळवता तुमची जमीन घेतली तर? न विचारता दंड बसवला तर? न्यायाचे जुने तत्त्व आहे की, ऐकून घेतल्याशिवाय कोणाविरुद्ध निर्णय करू नये. ऐकून घ्यायचे तर आधी कळवले पाहिजे. ते कळवणे म्हणजेच नोटीस. म्हणून नोटीस मिळणे हा तुमचा हक्क आहे.

धरणासाठी, रस्त्यासाठी सरकारला जमीन हवी असेल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे आधी अधिसूचना काढावी लागते. ती ग्रामपंचायतीत आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावी लागते. ती निघाल्यापासून साठ दिवसांत हरकत घेता येते. हे साठ दिवस शेतकऱ्याचे असतात.

पोलिसांची नोटीस आली तरी घाबरून जाऊ नये. ती नीट वाचावी आणि पाळावी. साक्षीसाठी पोलीस लेखी हुकूम काढून बोलावू शकतात. पण स्त्रीला, १५ वर्षांखालील मुलाला, किंवा ६० वर्षांवरील पुरुषाला त्यासाठी राहत्या ठिकाणाबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्याकडे जायचे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे लिहिले आहे.

आणि नोटीस आपणही देऊ शकतो. तुमचा माल घेऊन व्यापाऱ्याने चेक दिला आणि तो वटला नाही, समजा. बँकेने तसे कळवल्यापासून तीस दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी कोर्टात तक्रार करता येते. नोटीस दिलीच नाही, तर ती तक्रार उभी राहत नाही. "नोटीस मिळालीच नाही," असे व्यापारी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली यावर सांगितले की, असे म्हणणाऱ्याने कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत. भरणार नाही त्याची ही सबब चालणार नाही.

सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा असेल, तर आधी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. फार निकड असेल, तर कोर्टाच्या परवानगीने तसाही दावा लावता येतो.

नोटीस आली तर काय करावे?

एक. नोटीस घ्यावी. परत धाडू नये. पाकीटही जपून ठेवावे, कारण त्यावर तारखेचा शिक्का असतो.

दोन. हाती पडली ती तारीख नोटिशीच्या कोपऱ्यात लिहावी. मुदत बहुधा त्या दिवसापासून मोजतात.

तीन. चार गोष्टी शोधाव्यात. कोणी पाठवली? कशाबद्दल? किती दिवसांत काय करायला सांगितले? कुठे जायचे? वाचताना अडले तर शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्यावे. पण मूळ कागद त्याच्याकडे ठेवू नये.

चार. उत्तर लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. आपल्या उत्तराची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. दिवाणी दाव्याचे समन्स असेल तर तीस दिवसांत म्हणणे मांडायचे असते. लगेच वकील गाठावा.

पाच. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. तिचे काम तालुक्याच्या कोर्टातून चालते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे फुकट वकील मिळतो. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते.

हल्ली फोनवर खोट्या नोटिशी येतात. शिक्का, सिंह, सगळे हुबेहूब असते. "आत्ता पैसे भरा, नाही तर अटक करू," असा दम दिला जातो. खरी नोटीस उत्तराला मुदत देते, आणि तिच्यावर कचेरीचे नाव, जावक क्रमांक आणि तारीख असते. फोनवरच्या धमकीवर पैसे भरू नयेत. त्या कचेरीत स्वतः जाऊन विचारावे. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरावर लगेच कळवावे.

लिहून पाहा

धाकट्या भावाने हरकतीचा अर्ज असा लिहिला असता. तुम्हीही वहीत उतरवून काढा.

"तलाठी यांस,
मौजे ——, तालुका ——.

विषय : फेरफार क्रमांक —— यास हरकत.

वरील फेरफाराची नोटीस मला तारीख —— रोजी मिळाली. गट क्रमांक —— ही जमीन आम्हां दोघा भावांची सामाईक आहे. तिची वाटणी झालेली नाही. माझ्या हिश्शाची विक्री मी केलेली नाही. तिला माझी संमतीही नाही. म्हणून या नोंदीस माझी हरकत आहे. माझे म्हणणे ऐकून घेऊन मग निर्णय व्हावा. अर्जाची पोच मिळावी.

तारीख ——  सही ——"

इतकाच मजकूर. यात एकही अवघड शब्द नाही. तुम्हांला आता लिहिता येते. वाचता येते. मग उद्या टपालवाला दारात आला, तर हात मागे घेऊ नका. पाकीट घ्या, फोडा, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागा.